लाळ नको, बेडका हवा

प्रिय जेनेट,

डॅडी बरे आहेत. हे पहिल्याच ओळीत लिहिते, नाहीतर तू अर्धं वाचून फोन उचलशील आणि मला जे सांगायचंय ते राहून जाईल. आत्ता ते बाल्कनीत बसून पेज खाताहेत आणि मीठ कमी आहे म्हणून कुरकुरताहेत. माणूस कुरकुरायला लागला की तो इस्पितळातून खरा घरी आला, असं मी धरते.

हो, इस्पितळातून. न्यूमोनिया झाला होता. तू फोन केलास तेव्हा ‘डॅडी हॉटेलच्या बँक्वेटमध्ये अडकलेत’ असं मी सांगितलं, तेव्हा ते नाकाला ऑक्सिजनची नळी लावून माझ्या शेजारी खाटेवर पडले होते आणि बोटाने मला ‘सांगू नको’ म्हणून खुणावत होते. जेनेटला कळलं तर ती नोकरी सोडून विमानात बसेल, असं त्यांचं म्हणणं. माझ्यावर ओरडायचं असेल तर ओरड, पण पत्र संपल्यावर. आणि पत्र का, फोन का नाही, तर वादी अदाईच्या आपल्या या फ्लॅटमध्ये मी स्वयंपाकघरात कुजबुजले तरी तुझ्या बापाला बाल्कनीत ऐकू येतं. कान एकदम ठणठणीत आहेत. म्हणून कागदावर लिहून त्याचा फोटो तुला पाठवते.

सुरुवात नेहमीसारखी. खोकला लपवणं. चाळीस वर्षं लोकांच्या ताटांसमोर उभं राहिलेला माणूस खोकत नाही, शिंकत नाही, फक्त ‘एक्सक्यूज मी’ म्हणून पँट्रीत जातो आणि लाल डोळ्यांनी परत येतो. घरीही तेच. थंडी वाजून ताप आला तेव्हा म्हणाले, एसी जास्त आहे. मग मला कपाटावरच्या बॅगेची चेन उघडल्याचा आवाज आला. तुला माहीत आहे ती बॅग. वसईहून इकडे आखातात येणारा प्रत्येक जण चकली आणि सुक्या बोंबलांबरोबर अँटिबायोटिकच्या पट्ट्या आणतो, आणि त्या सगळ्या तिथे जमतात. तुझ्या भावाच्या, सॅव्हियोच्या, दाढेसाठी आणलेल्या गोळ्या उरल्या होत्या. मार्टिनसाहेबांनी स्वतःच स्वतःला दोन गोळ्या लिहून दिल्या. ज्याची बायको आयुष्यभर इस्पितळाच्या लॅबमध्ये जंतू वाढवत आली, त्याच्या घरात! मी काय बोलले ते इथे लिहीत नाही. खालच्या मजल्यावरच्या अमीरुन्निसाभाभी वर आल्या, ‘सब खैरियत?’ विचारायला. मी म्हटलं, खैरियत नाही, टॅक्सी बोलवा.

एक्स-रेमध्ये उजवीकडे खाली पांढरा ढग. ड्युटीवर यशोधन नावाचा तरुण डॉक्टर होता, पुण्याचा, नम्र, मला ‘आंटी’ म्हणणारा. त्याने नेहमीचं इंजेक्शन लिहिलं. मी म्हटलं, आधी जंतू वाढवून बघायला रक्ताचं कल्चर घे, मग इंजेक्शन. तो म्हणाला, घेतोच आंटी. घेतलं त्याने, दोन्ही हातांतून, म्हणून त्याच्यावर माझा राग नाही. लघवीचीही एक चाचणी केली. गरोदरपणाच्या पट्टीसारखीच पट्टी असते ती, नेहमीच्या न्यूमोनियाच्या जंतूची खूण शोधते. एकच रेघ आली. म्हणजे तो नेहमीचा पाहुणा नव्हता, किंवा होता आणि सापडला नव्हता. तुझ्या बापाला साखर आहे हे विसरू नकोस. साखरेच्या माणसाच्या छातीत कोण येऊन बसेल सांगता येत नाही. म्हणून छातीतला बेडका हवाच होता.

डबी दिली. डॅडींनी ती दोन बोटांत धरली, वाइनचा ग्लास धरतात तशी, आणि पडद्याकडे तोंड करून अगदी सभ्यपणे तिच्यात काहीतरी ठेवलं. परत देताना नर्सला ‘थँक यू’ म्हणाले. तेव्हाच मला कळायला हवं होतं. तासाभराने यशोधनच्या फोनवर लॅबचा शेरा आला, नमुना नाकारला, लाळ आहे, पुन्हा पाठवा.

जेनेट, मी पेटले. माझ्या नवऱ्याचा नमुना नाकारतात? मी इतकी वर्षं चालवलेल्या माझ्या लॅबमध्ये? श्वास घेताना ज्याच्या बरगड्या आत जाताहेत त्याला पुन्हा पाठवा म्हणतात, जसं काही बिर्याणीत मीठ कमी पडलंय! तापलेली मी तशीच खाली गेले, काउंटरवर हात आपटला. आतून नसीबा आली. तुला आठवते ना, सूर गावची, तुझ्या चर्चमधल्या कन्फर्मेशनला खजुराचा हलवा घेऊन आली होती ती. आता माझ्या जागी ती तिथली मुख्य आहे. मी इंग्रजीतून सुरू केलं, कॉन्व्हेंटवालं, जे ऐकून पूर्वी सर्जन लोक गप्प बसायचे. ती गप्प बसली नाही. म्हणाली, मॅडम ब्रिजेट, मिनिस्टर का भी होता तो मैं रिजेक्ट करती, यल्ला, अंदर आओ, खुद देखो. आणि मला खुर्ची दिली.

मी पाहिलं. गालाच्या आतल्या सपाट पेशी, आंबोळ्यांसारख्या एकीवर एक पसरलेल्या, जिकडे भिंग सरकवावं तिकडे त्याच. पू-पेशी म्हणाव्यात तर शोधून एखादी. छातीतलं काहीच नाही, नुसतं तोंड. हे वाढवलं असतं तर तोंडातले नेहमीचे रहिवासी उगवले असते, कुणीतरी त्यातल्या एकाचं नाव रिपोर्टवर लिहिलं असतं आणि औषध त्या बिचाऱ्यावर चाललं असतं. मी चष्मा काढला आणि म्हटलं, पण शेरा जरा गोड शब्दांत लिहिता येतो. नसीबा म्हणाली, मॅडम, तुम्ही कधी लिहिला? हसली मेली. नवं मशीनही दाखवलं तिने, थुंकी घातली की जेवण होईपर्यंत जंतूचं नाव छापून देणारं. मी विचारलं, त्यात लाळ घातली तर? ती म्हणाली, तर तोंडाची पूर्ण मतदारयादी देतं.

वर आले. रात्रपाळीची नर्स यायच्या आत हे उरकायचं होतं. पडदा ओढला, सगळ्यांना बाहेर काढलं. डॅडींना साध्या पाण्याने चुळा भरायला लावल्या, मिठाच्या पाण्याची वाफ दिली, पुढे वाकवून बसवलं आणि म्हटलं, आता खोलातून खोका. ते म्हणाले, ब्रिजेट, लोक आहेत. मी म्हटलं, पडदा आहे. ते म्हणाले, पडद्याला कान आहेत. आमच्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर परपेच्युआ आम्हाला खोकलासुद्धा रुमालाच्या घडीत ठेवायला शिकवायच्या, म्हणजे मी तरी कुणाला काय बोलू? शेवटी मी त्यांच्या जनरल मॅनेजरची नक्कल केली, तो मंत्र्यांच्या जेवणाला सूपच्या भांड्यात टाय बुडवून उभा राहतो ती. डॅडींना हसू आलं, हसण्याचा ठसका लागला, ठसक्यातून खरा खोकला आला, अगदी तळातून, आणि डबीत विटकरी रंगाचा, चिकट, तार धरणारा बेडका पडला. मी डबी दिव्यासमोर धरली. नाताळची भेट मिळावी तशी उभी होते मी. डॅडी घाम पुसत म्हणाले, तुझ्याशी लग्न केलं तेव्हा मला कुणी सांगितलं नव्हतं.

डबी मी स्वतः खाली नेली. नसीबाने लगेच स्लाइड रंगवली. पू-पेशींचे ढीग, आणि त्यांच्यात गुलाबी, जाड, आखूड काड्या, भोवती मोकळं वलय. आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि नाव घेतलं नाही, कारण जंतू प्लेटवर उगवेपर्यंत आमच्यात नाव घेत नाहीत. यशोधनला फोन करून एवढंच सांगितलं की हा नेहमीचा नाही. दुसऱ्या दिवशी प्लेटवर क्लेबसिएला नावाच्या जंतूच्या गुलाबी, ओलसर, मोठ्या वसाहती, सुईने उचलल्या तर पाकासारखी तार येणाऱ्या. आणि तिसऱ्या दिवशी औषधांच्या चकत्यांची प्लेट आली तेव्हा चालू इंजेक्शनच्या चकतीला तो अगदी खेटून वाढलेला! म्हणजे ते औषध त्याला मारतच नव्हतं; इंजेक्शन नसेतून चाललं होतं तरी ताप का उतरत नाही ते तेव्हा कळलं. बॅगेतल्या गोळ्यांनी तर त्याला गुदगुल्याही झाल्या नसतील. रक्ताच्या कल्चरच्या बाटल्या शेवटपर्यंत गप्पच राहिल्या, काही उगवलं नाही, त्या गप्पच राहतात बहुतेक वेळा. यशोधनने त्याच दुपारी औषध बदललं. औषध बदलल्यावरची ती रात्र मी कशी काढली ते विचारू नकोस. तिच्यानंतरच्या सकाळी डॅडींनी चहा मागितला, आणि चहा पाणचट आहे म्हणाले. मी बाथरूममध्ये जाऊन रडून आले.

सॅव्हियो सूरहून गाडी मारत आला होता. त्याच्या पोटात काही राहत नाही, हे तुला ठाऊक असूनही तू त्याला सांगितलंस, म्हणजे तुला ते माझ्यापर्यंत यायलाच हवं होतं असं मी समजते. खाटेशेजारी संत्रं सोलता सोलता तो बोलून गेला. तुमच्या इस्पितळातल्या त्या छातीच्या बड्या डॉक्टरांनी पाठवलेला नमुना तू लॅबमधून लाळ म्हणून परत पाठवलास. ते वॉर्डात सगळ्यांसमोर तुझ्यावर ओरडले. वर तक्रार गेली, आणि आता सोमवारी तू लेखी माफी द्यायची आहेस, नाहीतर नोकरीचं बघू म्हणताहेत. तू माफी लिहूनही ठेवली आहेस म्हणे. म्हणून हे एवढं सगळं लिहिलं. तुझा बाप आज पेजेला नावं ठेवतोय, कारण एका मुलीने त्याचा नमुना नाकारला, आणि काउंटरवर हात आपटणाऱ्या बाईला ती घाबरली नाही. मला एकच सांग, ती स्लाइड तू स्वतः पाहिली होतीस ना? पाहिली असशील तर त्या कागदावर सही करू नकोस, नोकरी गेली तर इथे ये, मी आणि डॅडी तुझी वाट पाहतो आहोत. आणि न पाहताच शेरा मारला असशील, तर सोमवारपर्यंत थांबू नकोस. आजच त्या डॉक्टरांकडे जाऊन माफी माग, आणि मग मला फोन कर, कारण त्यांच्यापेक्षा मी जास्त ओरडणार आहे.

तुझीच, दोन्हीपैकी काहीही झालं तरी,
मम्मी