मायची खाट

१२ जानेवारी १९५८, नाचणगाव

माय जिवंत हाय! भिलाईहून निघालो तसं गाडीत तिचं मेलेलं तोंडच दिसत होतं. पुलगावचे डॉक्टर चिठ्ठीवर मायचं नाव लिहून – जयवंताबाई – म्हणाले, हार्टचा झटका. सुई दिली. दीड महिना खाटीवरून उतरू द्यायचं नाई.

खाट तीच. परसाली मोठेबाबा – माह्या बापाचे थोरले भाऊ, मायचे भासरे – याच झटक्यानं याच खाटीवर पडले होते. मोठीमाय कवाचीच वारली, म्हणून मायनंच घास भरवले, भांडं धरलं. आता ते पायी बाजार करतात.

१५ जानेवारी

मायचे ओठ निळे. दम लागते. डॉक्टर म्हणतात, "म्हाताऱ्याले दिलं तेच हिले दिलं. तो उठला, ही काऊन खचून राह्यली?"

१६ जानेवारी

दिसलं! मोठेबाबा अंगणात खाकरले. माय खाटीवरून खाली – भुईवर, पदर डोक्यावर, तोंड भिंतीकडं. ते दारात बसून माह्या बहिणीले विचारतात, "सुंदरे, तुह्या मायले कसं हाय?" ते गेले का माय पुन्हा वर चढते. रोज दोन-तीनदा!

मी ओरडलो. म्हणते, "भासऱ्यासमोर खाटीवर पडू? त्यापेक्षा मेली बरी!"

१७ जानेवारी

मोठेबाबांले सांगून आलो. मंग म्हणाले, "मीच पाडत होतो तिले? नाई येत आता. पण तिले सांगू नको, लाजंनं मरन."

२२ जानेवारी

ओठांवर रंग आला! म्हणते, "भिलाईत भाकर भेटते का लोखंडच खाता रे?" हसलो दोघंही.

मंग म्हणाली, "भासऱ्याचं खाकरणं नाई आलं ऐकू. त्याईले पुन्हा तं नाई झालं?" म्हटलं, कामात असन. तिले पटलं नाई. "पेज कोण देते त्याईले?"

माह्याही कानात तेच खाकरणं. आता कोणी खाकरलं नाई तरी मले खाट करकरल्यासारखी वाटते.

२४ जानेवारी

काल गोळ्या आणाले पुलगावले गेलतो. सुंदरा विहिरीवर. माय उठली, चूल पेटवली, पेजेचा गडवा घेऊन मोठेबाबांच्या दारापर्यंत गेली. तिथंच पडली.

गडवा सरळ होता. थेंब सांडला नाई.

६ फेब्रुवारी

मायची तेरवी आटोपली, उद्या भिलाईची गाडी. सकाळी मोठेबाबा आले. खाकरले नाईत. रिकाम्या खाटीसमोर भुईवर बसले. मायचं नाव त्याईच्या तोंडून जन्मात ऐकलं नव्हतं.

"वर बस, जयवंता. मी खाली हाओ."