दुसरं पान

दिल्ली, ९ ऑक्टोबर २००२

प्रिय दादा,

जयभीम. हे पत्र तेजूच वाचून दाखवत असणार. तेजू, भावाचं ऐक, मध्ये थांबू नको आणि शिवी आली तरी गाळू नको. गाळागाळीचाच मला वीट आलाय. फोन केला असता, पण पाकिटात आणखी एक कागद आहे, तो फोनमधून येत नाही. आईला सांगा, ताप गेला, जेवतोय.

दादा, मी सातवीतून पळालो, नारायणगावच्या टोमॅटो बाजारात टिकलो नाही, चाकणला टिकलो नाही, तेव्हा तुम्ही म्हणालात, याच्या पायाला भिंगरी बांधलीय. पण दिल्लीला सरकारी टीव्हीच्या स्टुडिओत लायटी धरायचं काम लागलं म्हटल्यावर तुम्ही सगळ्या मढ गावात पेढे वाटलेत. म्हणालात, बापानं टेकडीवरचा टावर सांभाळायचा, पोरानं स्टुडिओ सांभाळायचा, टीव्ही आता आपल्या घरचाच. मी ठेकेदाराचा माणूस आहे, रोज गेटवर पास दाखवून आत जातो, हे मी तुम्हाला कधी लिहिलंच नाही. तुम्ही तरी कुठं सांगत होतात, की चौदा वर्षं टावरवर राबून अजून रोजंदारीवरच आहात म्हणून.

आणि ते तुमचे नमस्कारवाले साहेब. दर गुरुवारी, तुमच्या सुट्टीला, गेणभाऊच्या ओट्यावर त्यांचा कार्यक्रम लागायचा. ते हात जोडून "आप सबको मेरा नमस्कार" म्हणाले, की तुम्ही टोपी सारखी करून उठायचा आणि उभ्यानं हात जोडायचा. आई म्हणायची, "अवो, काचंच्या आतल्या माणसाला काय दिसतंय? बसा की खाली." तुम्ही म्हणायचा, "समोरच्यानं हात जोडल्यावर बसून ऱ्हायचं? मी काय कलेक्टर हाय व्हय?" सगळा ओटा हसायचा. मीही हसायचो. पण दादा, त्याच ओट्यावर गेणभाऊची आई गोजरबाई आपल्याला पायरीखाली बसवायची, ते मी विसरलो नाही. मॅचच्या दिवशी टावरची लाईन जळाली, गावात लाईट होती पण चित्र नव्हतं. तुम्ही डिझेलचा डबा डोक्यावर घेऊन टेकडी चढलात, जनरेटर चालू केलात. खाली आलात तेव्हा तिनंच हाक मारली, "पोपटभाऊ, वर या, चा घ्या." घरातल्या कपात दिला. त्या टावरनं तुम्हाला ती पायरी चढवली. म्हणून त्या माणसाच्या नमस्काराला तुम्ही उठता, हे मला आता कळतंय.

त्या माणसाचं आता ऐका. मंगळवारी रेकॉर्डिंग होतं. आधी नव्या कराराच्या सह्या झाल्या, आमच्यासमोरच. लायटी धरणाऱ्यासमोर ही माणसं काहीही बोलतात, आम्ही त्यांना लायटीच्या स्टँडसारखे. एका भागाचे पंचाहत्तर हजार मिळत होते, ते आता सव्वा लाख झाले. आठवड्यातून एक तास खुर्चीत बसायचे. हे काही कुणा शेठच्या खिशातले नाहीत दादा. मढनं भरलेले आहेत, काडेपेटीपासून डिझेलपर्यंत प्रत्येक वस्तूवर कर देऊन. मी हळूच मोठ्या लाईटमनला विचारलं, एवढे का? तो म्हणाला, नाही दिले तर खाजगी चॅनेलवाले उचलून नेतील त्यांना. मला हसूच आलं. तुम्हाला कोण उचलून नेणार?

मग पत्रांचा भाग आला. टेबलावर मला हिरव्या शाईचं पाकीट दिसलं. तेजूशिवाय हिरव्या शाईनं पत्ता कोण लिहितं? तुम्ही त्यांना पत्र पाठवलंत, मला एका शब्दानं बोलला नाहीत. तिथल्या बाईनं पहिल्या पानावर लाल पेन्सिलीनं बरोबरची खूण केली. दुसऱ्या पानावर फुली मारली आणि टोपलीत टाकलं.

साहेबांनी पहिलं पान वाचलं. मढ गावचे पोपट, चौदा वर्षं टावर सांभाळतात, दर गुरुवारी उभे राहून माझा नमस्कार घेतात. आवाज जड केला. मग म्हणाले, थांबा, डोळ्यांत पाणी नीट आलं नाही, परत घेऊ. परत घेतलं. मला सांगितलं, लाईट जरा खाली घे, पाणी चमकलं पाहिजे. दादा, तो लाईट मीच खाली घेतला.

रेकॉर्डिंग सुटल्यावर मी टोपलीतून ते पान काढलं. तिथंच उभ्यानं वाचलं. खर्च परवडत नाही म्हणून महिनाअखेरीला तुम्हाला कमी करतायत, आणि तुम्ही त्या माणसाला लिहिलंय, साहेब, वर एक शब्द टाका. मी गाडीपर्यंत पळालो. म्हटलं, साब, दूसरा पन्ना रह गया, मेरे पिताजी का है. त्यांनी पान हातात घेतलंच नाही. खांद्यावर हात ठेवला, म्हणाले, "बेटा, ये प्रोग्राम लोगों की ख़ुशी के लिए है." आणि हात जोडून नमस्कार केला, अगदी टीव्हीतल्यासारखा. आणि दादा, माझेही हात जुळले. आपोआप! गाडी गेली तरी मी तसाच उभा. त्या सव्वा लाखापेक्षा मला माझ्या या हातांचा राग जास्त आलाय. साहेबांच्या गाडीमागं गेलो म्हणून ठेकेदारानं सोमवारपासून येऊ नको सांगितलं, ते वेगळं. पण या वेळी मी पळालेलो नाही, एवढं तुम्ही मानावं.

ते पान सोबत घातलंय. कार्यक्रम सतरा तारखेच्या गुरुवारी दाखवणार, म्हणून स्पीडपोस्टानं टाकतोय. तुमचं नाव ऐकायला सगळं मढ ओट्यावर जमेल. गोजरबाई नव्या चादरीवर बसवेल तुम्हाला. तेजू, साहेबांचं वाचून झालं की टीव्ही बंद कर, पुढं उभी राहा आणि हे दुसरं पान मोठ्यानं वाच. फुलीसकट दाखव सगळ्यांना. गेणभाऊला म्हणावं, टावर कोण चालवतं हे गावानं पाहिलंय, आता त्यांना कमी करणाऱ्या जुन्नरच्या साहेबाकडं चला सगळे. आणि दादा, सुरुवातीला तो माणूस हात जोडेल. तुमचे गुडघे सवयीनं हलतील, मला माहीत आहे. माझे हातही असेच जुळले होते. पण त्या दिवशी उठू नका. तुम्ही बसूनच राहा.

तुमचाच,
राजरत्न