काढून ठेवलेली तार

दि. ४ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

नमस्कार रीत म्हणून लिहिला, मनातून केलेला नाही. मी बूथसमोर रांगेत उभा राहतोय आणि घरचा फोन मुका. शेवटी खालच्या शिंप्याच्या दुकानात लावला. तो म्हणाला, लाइन ठणठणीत आहे, तुझ्या वहिनीनेच तार काढून कपाटात टाकली. आईचा नि माझा तेवढाच धागा, तोही तुमच्या डोळ्यांत खुपला?

मी शिकलो नाही, शीतगृहात पेट्या उचलतो, सारखा मालक बदलतो, सगळं खरं. पण कोण कोणाला तोडतंय ते मला कळतं. दादाला विचारलं असतं, पण तो तुम्हाला विचारल्याशिवाय शिंकतही नाही. तार लावा. नाहीतर मी येऊन लावतो.

आईपुरता लोभ ठेवा, माझा राहू द्या.
तुमचा दीर, आईच्या भाषेत
भिंगरी


दि. १५ मार्च

चि. भिंगरी भावजींस,
अ. उ. आ.

आशीर्वादही रीतीचाच. तार मीच काढली, कपाटाला कुलूपही मीच घातलं.

आई थंडीपासून पडताहेत. गेल्या महिन्यात उजवं मनगट मोडलं, प्लॅस्टर अजून आहे. डॉक्टर म्हणाले, हाडं ठिसूळ झालीत, पुढच्या खेपेला खुबा जाईल आणि मग अंथरूणच. त्यांनी एक नर्सबाई घरी पाठवल्या. बाईंनी आईंना हात न टेकता खुर्चीतून उठवलं, दारापर्यंत चालवून वळवलं. गोळ्यांचा डबा उपसला आणि झोपेच्या गोळीबद्दल डॉक्टरांशी बोलते म्हणाल्या. सैल सपाता टाकायला लावल्या, न्हाणीत धरायला दांडा बसवा म्हणाल्या. आई काठी टेकत इतक्या जपून चालल्या की बाई कौतुकाने विचारत होत्या, मग तुम्ही पडता तरी कधी?

तेवढ्यात फोन वाजला. आईंनी काठी टाकली आणि धावल्या. धावल्या, भावजी! उंबऱ्याला अडखळल्या, बाईंनी दंड धरला म्हणून वाचल्या. फोन तुमचा. उचलायला इतका उशीर का म्हणून तुम्ही खेकसलात, मागे रांग आहे म्हणालात आणि ठेवलात. बाई मला म्हणाल्या, हे आधी थांबवा.

फोन खुर्चीजवळ घ्या म्हणाल, तर आई खुर्चीत बसतात कुठे? तुमच्या फोनला वेळ ना काळ. ओट्यापाशी असोत की न्हाणीत, वाजला की निघाल्याच.

राग हवा तितका करा, तब्येत सांभाळा.
तुमची वहिनी


दि. २८ मार्च

ती. वहिनीस,
सा. न. विनंती काही नाही.

घर तुमचं, उंबरा तुमचा, न्हाणीत दांडा तुम्ही बसवला नाही, आणि आईला पाडणारा मी? इतक्या लांबून हात घालून ढकललं का तिला? माझ्या मागे लोक बोंबलतात, दोन-चार घंट्यांत उचलला नाही तर ठेवावाच लागतो.

मनगट मोडलं तर आई मला बोलली नसती? मध्यंतरी फोनवर धाडकन आवाज आला. मी विचारलं काय पडलं, तर म्हणाली पातेलं. मग हसून माझ्या जेवणाचं विचारत बसली. हाड मोडलेलं माणूस असं बोलतं? खोटं लिहायचं तर नीट जुळवून लिहा.

आता दादाने लिहावं. तुमचा लोभ पुरे झाला.
भिंगरी


दि. ९ एप्रिल

चि. भावजींस,
अ. उ. आ.

हे न्हाणीत दांडा ठोकताहेत, म्हणून मीच लिहिते.

आपला फोन बोळात, भिंतीवर आहे. तिथे पातेलं कुठून येईल?

मनगट तेव्हाच मोडलं. आई जमिनीवर बसून, डाव्या हाताने रिसीव्हर धरून तुमच्या जेवणाचं विचारत होत्या. मी उठवायला गेले तर डोळे वटारून मला गप्प केलं. तुम्हाला कळवायचं नाही अशी शपथ घातली. कळलं की तुम्ही हातातलं काम फेकून याल, हे एक टिकतंय तर टिकू दे म्हणाल्या.

तुम्ही येऊन तार लावणार होतात ना? लावा. मी आडवी येणार नाही. पण पुढचा आवाज आला की तो पातेल्याचा नसेल.

बाकी लोभाचं तुमचं तुम्ही बघा.
वहिनी


दि. २२ एप्रिल

ती. वहिनीस,
सा. न. वि. वि.

माझा राग गेलेला नाही. शपथ गेली खड्ड्यात, मला कळवायला हवं होतं.

काम सोडलेलं नाही, तेवढं आईला सांगा. आणि ही विनंती रीतीची नाही: रविवारी दुपारी जेवणं आटोपली की आईला बोळात, फोनखाली खुर्चीवर बसवा, आणि मगच तार लावा. बोलणं झालं की काढा. किल्ली तुमच्याकडेच ठेवा, मला नको.

मी रांगेत सगळ्यांच्या शेवटी उभा राहीन, म्हणजे मागे बोंबलायला कोणी नाही. आणि एखाद्या रविवारी ती आतच असली, तर तिला म्हणावं, आधी काठी घे, चष्मा घाल, सावकाश ये. वाजतोय तर वाजू दे. मी ठेवणार नाही.

लोभाचं पुढे कधीतरी बोलू.
भिंगरी