आधी उजवीकडे

वाईतेले, अपिया
रविवार, ७ मार्च २०१०

प्रिय आरोनादादा,

इकडे सगळे ठीक. तुम्हीही ऑकलंडला ठीक असाल, असं धरून चालते. वहिनींनी पाठवलेले फ्रॉक मिळाले. माझी फिलेमू आता लांबच फ्रॉक घालते, पाय झाकायला. कुबड्यांवर चर्चला जाते, आणि तिथल्या बायका तिच्याकडे बघून असे सुस्कारे टाकतात की एकेकीचं थोबाड फोडावंसं वाटतं.

उद्या कोर्ट. फोन केला असता, पण फोनवर तू मला बोलू देत नाहीस. हे पत्र पोचेल तोवर सगळं होऊन गेलेलं असेल.

तू म्हणालास, "पोरीने आधी उजवीकडे बघितलं, रस्ता मोकळा होता, एवढंच बोला. पेनितो तुरुंगात गेलाच पाहिजे." पेनितो काही साधू नाही. गाडी जोरातच हाणत होता. मीही त्याला पोटभर शिव्या घातल्यात. सरकारी वकीलबाईंना विचारलं, काय बोलू? त्या फटकन म्हणाल्या, "शपथेवर काय बोलायचं ते मी शिकवत नसते. शिकवणारे घरोघरी असतात."

आपल्या घरी आहेतच.

सप्टेंबरात सरकारने देशभर रस्त्याची बाजू बदलली. उजव्या बाजूने जाणाऱ्या गाड्या डाव्या बाजूने जायला लागल्या. शाळेने कागद दिला होता: मुलांना आता आधी उजवीकडे बघायला शिकवा. मी त्या कागदात मासळी गुंडाळली. म्हटलं, रविवारी जेवणं झाली की शिकवीन. किती रविवार गेले! ती चार वर्षांची असल्यापासून मीच तिचा डावा कान ओढून सांगत आले होते, "आधी इकडे बघ."

नोव्हेंबरात बाजारासमोर तिने इकडेच बघितलं. मी रस्त्यापलीकडे तारोचे कंद निवडत होते. दादा, मी बघितलंय तिला डावीकडे मान वळवून पाय पुढे टाकताना. पेनितोची गाडी उजवीकडून आली. पाय गुडघ्याखाली राहिला नाही.

नंतर त्याच्या घरचे माफी मागायला आले. त्याची आई आपल्या अंगणात मानाची चटई डोक्यावरून घेऊन उन्हात बसून राहिली, आणि मी दार लावून घेतलं. शेवटी काकांनीच चटई उचलून माफी दिली. गाव म्हणालं, मेरिपाचं काळीज दगडाचं. तू म्हणालास, शाब्बास. कसली शाब्बास! त्या बाईची माफी घ्यायला मला तोंड नव्हतं.

आज दुपारी फिलेमू खाटेवर बसून पाठ करत होती, "मी आधी उजवीकडे बघितलं, मग डावीकडे, मग परत उजवीकडे." मामाने फोनवर सांगितलं, म्हणाली. मग मला विचारते, "आई, जमलं ना? आता तुला कोणी काही बोलणार नाही ना?"

दोन महिने जो धडा द्यायला मला सवड झाली नाही, तो तू तिला दोन मिनिटांत शिकवलास. आणि कशासाठी!

उद्या तिच्या आधी माझं नाव पुकारतील. मी खरं सांगणार आहे. पेनितो सुटला तर सुटू दे. पोरीला पाय नाही, निदान तोंडात खोटं तरी नको. तिला पुन्हा फोन करू नकोस.

वहिनींना नमस्कार.

जन्माने तुझी बहीण,
मेरिपा