जावळाआधी

कोचाबांबा, ४ नोव्हेंबर

प्रिय तेओफिला ताई,

"आमचं रक्त नेलंस, सेनो, परत काय आणलंस?" अकरा वर्षांपूर्वी तू चुलीपाशी बसून विचारलंस. मी हसून म्हणाले, "भांडी घासून देऊ का?" तू हसली नाहीस.

कशी आहेस? मृतांच्या सणाला यंदाही आईच्या नावाने पावाची बाळं भाजलीस ना? रुफिनाने फोटो पाठवला, एकाचं नाक जळलंय. खऱ्या बाळाचाही पाठवला. तुझी नात वायरा तीन महिन्यांची झाली, बटाट्यासारखी गुबगुबीत.

मी रुफिनाला फोनवर म्हटलं, वायराचं थेंबभर रक्त तपासू या. ती म्हणाली, "मावशी, आई म्हणते, जावळ काढेपर्यंत पोरीला लोखंड लावायचं नाही. तुझी सुई तर मुळीच नाही." मागून तुझा आवाज आला, "तिला म्हणावं, उंदरांना टोच!"

प्रयोगशाळेत तेच करते, ताई. भिंतीतल्या विंचुका किड्याच्या विष्ठेतून येणारा आजाराचा सूक्ष्म जीव पेशीचं दार फोडत नाही. तो पेशीला जखम झाल्याचा इशारा देतो. ती बिचारी जखम सांधायला धावते आणि सांधता सांधता त्यालाच पोटात घेते. मग तो वर्षानुवर्षं हृदयात गप्प बसतो. गर्भात पेशी अशाच इशाऱ्यांनी एकमेकींना सांगतात, तू हृदय हो, तू हाड हो. ते चालू असतानाच तो कधी कधी वारेतून आईकडून बाळाकडे जातो.

वीस वर्षं मी हे इशारे वाचतेय. तुला मात्र एक वाक्य सांगता आलं नाही.

तेव्हा अभ्यासासाठी नेलेल्या तुमच्या रक्ताच्या नळ्यांवर नावं नव्हती, आकडे होते. पण तुझा सतरा आणि नऊ वर्षांच्या रुफिनाचा अठरा मीच लिहिला होता. दोन्हींत तो होता.

प्रयोगशाळेतले साहेब म्हणाले, अभ्यास संपला की सगळ्यांना एकदम सांगू. अभ्यास मध्येच बंद पडला. मी दोनदा बसथांब्यापर्यंत आले आणि परत फिरले. तेव्हाच औषध दिलं असतं तर रुफिना बहुधा बरी झाली असती.

वायरात तो असला आणि पहिल्या वर्षात औषध मिळालं, तर ती जवळजवळ नक्की बरी होईल. जावळ तुम्ही दोन वर्षांनी काढाल.

माझ्याकडे आणू नकोस. तुमच्याच दवाखान्यात ने, तिथली नर्स टोचेल. मी आवारातही येणार नाही. मला माफही करू नकोस. तू नाहीच म्हणशील, ठाऊक आहे. तरी ताई, जावळाआधी एकदाच तिला लोखंड लागू दे.

तुमचं रक्त घेऊन गेलेली तुझी बहीण,
सेनोबिया