रिकाम्या बादलीची कबुली

प्रति,
मा. आहार पर्यवेक्षण अधिकारी,
शालेय भोजन विभाग.

विषय : पौष्टिक मिश्रण क्रमांक ३ तव्यावर भाजून देण्यास परवानगी मिळणे व स्वयंपाकीण मावशींना कामावरून कमी न करणेबाबत.

संदर्भ : १) माझे तीन अर्ज. २) तिन्हींना आलेले एकच उत्तर. ३) मावशींना मिळालेली नोटीस.

महोदय,

१. मी इयत्ता पहिलीची वर्गशिक्षिका. माझ्या वर्गातील चौतीस मुलांना मधल्या सुट्टीत डाळ व भाज्या घोटून केलेले वरील मिश्रण मिळते. ते पौष्टिक आहे, यात वाद नाही. परंतु ते पातळ व करडे असून मुले त्याला 'फरशीचं पाणी' म्हणतात. याबद्दल मी त्यांना रागावले होते. मग स्वतः चाखून पाहिले आणि रागावणे सोडले.

२. नियमानुसार उरलेले अन्न बादलीत जमा करून तोलावे लागते. दोन किलोंच्या वर गेल्यास स्वयंपाकीण दोषी ठरते, तिला काढतात व नवी नेमणूक होईपर्यंत भोजन बंद राहते. पहिल्याच दिवशी साडेतीन किलो उरले. मिश्रण ठरवले आपल्या कार्यालयाने, आणि नोकरी जाणार सोळा वर्षे राबलेल्या मावशींची, हे मला पाहवेना. काटा येण्याआधी आम्ही दोघींनी जमेल तेवढे खाल्ले, बाकीचे डब्यांत भरले. वास्तविक थोडे उरू द्यायला हवे होते. मी उत्साहाच्या भरात बादली पुसूनच काढली आणि रोज तेच करत राहिले. चूक झाली ती इथे.

३. शिल्लक शून्य, म्हणून आपण हा पदार्थ 'अतिप्रिय' ठरवून त्याचे प्रमाण दीडपट केले. मुख्याध्यापिकाबाईंनी प्रमाणपत्र चौकटीत बसवून दारावर लावले आहे. मुले वाळत चालली आहेत आणि माझे कपडे मला घट्ट होऊ लागले आहेत. माझ्या यजमानांनी आठवडाभर मुकाट्याने साथ दिली. आता मी डबा उघडला की ते फिरायला निघतात.

४. गेल्या मंगळवारी पातेल्यातले पाणी आटले. मावशींनी त्या घट्ट गोळ्याच्या चकत्या थापून तव्यावर भाजल्या. जिन्नस तेच, त्यांचे माप तेच. मुलांनी बोटे चाटली. आमच्या वर्गात 'चिमणी' म्हणून एक मुलगी आहे. ती काही खात नाही आणि शेवटच्या तासाला बाकावर डोके टेकून पडते. त्या दिवशी तिने चार चकत्या खाल्ल्या आणि घंटा होईपर्यंत शेजारणीशी भांडत होती. मला फार बरे वाटले. शिल्लक नोंदवण्याच्या आमच्या वहीतील तेवढे एकच शून्य खरे आहे. नेमके त्याच दिवशी तपासनीस आले आणि 'मिश्रणाचे स्वरूप बदलले' म्हणून मावशींना नोटीस मिळाली.

५. मी पदार्थ बदलण्याची विनंती केली की आपले उत्तर येते, शिल्लक नसल्याने तक्रारीस आधार नाही. मी खात राहिले तर मिश्रण चालू राहते. थांबले तर मावशी जातात आणि आहे तेही जेवण बंद होते. यातून कसे सुटावे, हे मला तरी कळत नाही.

६. काल मी कपाटाआड उभी राहून उरलेले खात असताना चिमणी समोर येऊन थांबली. तिने विचारले, "बाई, तुम्हाला आवडतं म्हणून आम्हाला रोज हेच देतात ना?" मी हातातला चमचा खाली ठेवला.

७. सबब, आज मी खाल्ले नाही, मावशींनाही खाऊ दिले नाही. बादली मर्यादेबाहेर गेली आहे. आजवरची लबाडी माझी आहे, शिक्षा मला व्हावी. मावशींना ठेवावे आणि त्यांना तवा वापरू द्यावा, एवढेच मागणे आहे.

आपल्या उत्तराकडे डोळे लावून बसलेली,
(सही)
वर्गशिक्षिका, इयत्ता पहिली
दिनांक : १७, मधल्या सुट्टीनंतर

सोबत :
१) आजची बादली, झाकण लावून.
२) चमचा एक, साहेबांसाठी.

ता. क. : बादली कृपया परत पाठवावी. भोजनच बंद झाले तर तिची गरज पडणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी पाठवावी.