दोन दाखले

अण्णा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि एवढ्या काळात तुमच्याशी बोलावं असं मला कधी वाटलं नाही. आजही वाटत नाही. पण काल आमच्या बैठकीत एक नवा डॉक्टर म्हणाला, "खाऊन खाऊन आजार ओढवून घ्यायचा यांनी, आणि उपचार मात्र सरकारच्या पैशानं. का म्हणून?" सगळे हसले. सरकारी योजनेतून कुणावर उपचार व्हायचे, त्याचे कागद तपासायचं काम मी करते, हे तुम्हाला माहीत आहे. तुमच्या हयातीतच मी इथं लागले होते. त्या पोराचं ऐकून माझ्या ओठांवर जे आलं होतं ते त्याच्यासाठी नव्हतं. ते तुमचं होतं, म्हणून तुम्हाला लिहिते आहे.

मी बारावीला होते तो दुष्काळ आठवा. पाटोद्याच्या बाजूचा आपला सहकारी साखर कारखाना; आपला म्हणजे कुणाचा ते पुढं कळलं, पण तेव्हा सगळेच त्याला आपला म्हणायचे. ऊसच नव्हता, म्हणून त्या साली गाळप झालं नाही. चिमणी थंड, ऊस टाकायच्या गव्हाणीत कुत्री झोपलेली, कामगारांना अर्धा पगार, वसाहतीत आठवड्याला एक टँकर. बाजारात भाजी येईना. चारा छावणीतल्या म्हशी आटलेल्या. साखर मात्र होती. मागच्या हंगामाची पोती गोदामात पडून होती आणि कारखाना ती कामगारांना सवलतीत द्यायचा. त्यामुळे अख्खी वसाहत भाकरी आणि गोड चहावर जगत होती. भाकरीवर साखर भुरभुरून, गुंडाळी करून लेकरं शाळेत घेऊन जायची. तुम्ही हे रोज बघत होता. कारखान्याच्या दवाखान्याचे डॉक्टर होतात तुम्ही. पहाटे उठून लिंबागणेशच्या रस्त्यानं पाच मैल चालून यायचात, दोन्ही वेळा अर्धी भाकरी आणि वरण, आणि लग्नातली पँट अजून होते हे येईल त्याला सांगायचात. जाड पेशंट आला की आधी त्याला वजनकाट्यावर उभं करायचं आणि ओसरीवर बसलेल्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणायचं, "पोतं आलं बघा, पोतं." लोक हसायचे. मीही हसले आहे. आईलासुद्धा तुम्ही पाहुण्यांसमोर पोतंच म्हणायचात, आणि ती पदर सावरत पाहुण्यांना अजून वाढायची.

कारखान्यात साखर शिजवणारा एक कामगार होता. रस आटवून त्याचा दाणा धरवायचा, हे त्याचं काम. काचेच्या पट्टीवर थेंब घेऊन तो उजेडाकडं धरायचा आणि नुसतं बघून सांगायचा, अजून दोन मिनिटं. त्याच्यासारखा दाणा जिल्ह्यात कुणाला साधत नाही, असं खुद्द चेअरमन सभेत बोलून गेले होते. अंगानं दांडगा, पोट सुटलेलं, जिना चढला की धाप लागायची. मधुमेह होता. त्या उन्हाळ्यात त्याच्या अंगठ्याला चप्पल चावली, जखम चिघळली, आणि पंधरा दिवसांत पाय काळा पडायला लागला. त्याची बायको आपल्या घरी आली तेव्हा तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर जेवत होता. ती दाराशीच बसली.

"डाक्टरसाहेब, पाय काळा पडायलाय. बीडचे डाक्टर म्हणत्यात, औरंगाबादला न्या, न्हाईतर कापावा लागंल. कामगारांचा फंड हाय न्हवं, त्यातून कायतरी करा."

तुम्ही ताटातून मान वर केली नाही. "किती वेळा सांगितलं होतं त्याला? गोड सोड, वजन उतरव. ऐकलं का?"

"काय सोडावं, साहेब? भाजी न्हाई, दूध न्हाई. साखर तेवढी हाय घरात. ती बी कारखान्यानंच दिल्याली."

"तोंड त्याचं, पोट त्याचं. मग त्याचा खर्च बाकीच्या कामगारांनी का सोसायचा?"

"त्येच्या बी पगारातून कापल्यात की, साहेब. सतरा वर्सं कापल्यात. आजवर एक गोळी न्हाई मागितली आमी."

तुम्ही ताकाची वाटी तोंडाला लावली, खाली ठेवली आणि म्हणालात, "बघतो." आईनं तिला चहा दिला. तिनं तो घेतला नाही. उठता उठता तिनं तुमच्या ताटाकडं एकदा बघितलं, त्या अर्ध्या भाकरीकडं, आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही मला बोलावलं. तुमचं अक्षर कुणाला लागत नसे, म्हणून दाखले मी उतरवायचे आणि तुम्ही सही करायची, असं चालत आलं होतं. दोन दाखले होते. पहिला त्याचा. सदर कामगाराचा आजार वैयक्तिक आहारातील बेशिस्तीमुळे उद्भवलेला असल्याने तो निधीतून मदतीस पात्र ठरत नाही. दुसरा चेअरमनचा. माननीय अध्यक्षांना जडलेला हृदयविकार संस्थेच्या कामकाजाच्या अतिताणामुळे उद्भवलेला असून उपचाराचा संपूर्ण खर्च संस्थेने करणे उचित राहील. दाखला उतरवता उतरवता मी थांबते. चेअरमनना मी कितीदा बघितलेलं आहे. खाली वाकता येत नाही म्हणून त्यांचे बूट ड्रायव्हर घालतो. माणसं टँकरमागं धावत असतात त्याच आठवड्यात गेस्ट हाऊसवर बोकड पडतो, आणि जेवणानंतर दोन वाट्या बासुंदी. तुम्ही त्यांच्या पंगतीला बसायचात, आपली अर्धी भाकरी खायचात आणि त्यांच्या वाटीकडं बघून एक शब्द बोलायचा नाहीत. त्यांना कुणी काट्यावर उभं केल्याचं मी कधी ऐकलं नाही.

मी म्हणाले, "अण्णा, दोघांच्या दुखण्याचं कारण तर सारखंच आहे."

"लिही."

तेवढ्यात आई आतून बोलली. तुमच्या कामात ती कधी बोलायची नाही, त्या दिवशी बोलली. "चेअरमनचं पोट कामानं सुटलंय व्हय?"

तुम्ही तिच्याकडं वळूनही बघितलं नाहीत. "तू मध्ये बोलू नकोस. आधी आरशात बघ."

ती दारातून मागं सरली. मी दाखला पूर्ण केला. त्या दिवसानंतर आई तुमच्यासमोर जेवायला बसली नाही, हे तुमच्या लक्षात आलं होतं का? सगळ्यांचं झाल्यावर ओट्याशी उभी राहून, भिंतीकडं तोंड करून ती जेवायची. वरपासून खालपर्यंत शिस्तीनं भरलेलं घर होतं आपलं, आणि घरची बाई चोरून जेवत होती.

त्या माणसाला औरंगाबादला कुणी नेलं नाही. बीडच्या दवाखान्यात त्याचा पाय मांडीपासून कापला. कारखान्यानं त्याला कामास अपात्र ठरवून घरी बसवलं, वसाहतीतली खोली रिकामी करून घेतली. त्याची बायको छावणीत शेण उचलायच्या कामाला लागली. दोन वर्षांनी तो गेल्याचं कळलं तेव्हा तुम्ही पेपर वाचत होता. "म्हटलंच होतं मी," एवढं बोलून तुम्ही पान उलटलंत. चेअरमन मात्र दुष्काळाच्या सालीच पुण्याहून बरे होऊन आले, त्यांचा सत्कार झाला, पेढे वाटले गेले, आणि "संस्थेसाठी काळीज झिजवलेला माणूस" असं भाषण तुम्ही केलंत. त्याच पावसाळ्यात माझा निकाल लागला. मार्क कमी होते. तरी चेअरमनच्या मेडिकल कॉलेजात मला जागा मिळाली, तीही देणगीशिवाय. कशी, ते मी विचारलं नाही. विचारायची गरज नव्हती. मीच तर लिहिला होता तो दाखला. मी बॅग भरली आणि गेले.

तुम्ही लबाड असतात तर मला तुमची एवढी किळस आली नसती. लबाडाला निदान आपण काय करतोय ते ठाऊक असतं. तुमचा स्वतःवर विश्वास होता, हेच सगळ्यात ओंगळ. माणसाची काही जबाबदारी असते, हे मी नाकारत नाही. मीही रोज पेशंटला सांगते, चाला, गोड कमी करा. पण तुम्हाला ती जबाबदारी खालच्या माणसातच दिसायची. वर गेलं की तिचा ताण व्हायचा. भुकेच्या साली ज्याच्या घरात साखरेशिवाय काही नाही, त्याला तुम्ही संयम शिकवलात, आणि ज्याच्या घरात सगळं होतं त्याच्या रोगाला कर्तव्याचं नाव दिलंत. त्यासाठी डॉक्टर कशाला लागतो? कारखान्याच्या शिपायानंही तेवढं केलं असतं, आणि त्यानं निदान मान खाली घालून केलं असतं.

शेवटी तुम्हाला अर्धांगवायू झाला. पाच मैल चालणाऱ्या, अर्धी भाकरी खाणाऱ्या माणसाला. आठ महिने तुम्ही माझ्या घरी अंथरुणावर होता. मी तुम्हाला भरवलं, कूस बदलली, सेवेला बायका ठेवल्या, औषधं आणली. तुमच्या उपचाराच्या कागदावर कारणाच्या रकान्यात मी काही लिहिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतंच. माणूस आजारी पडतो. त्या आठ महिन्यांत हा सगळा भार कोण उचलतंय, हे तुम्ही एकदाही विचारलं नाहीत. बोलता येत होतं तुम्हाला. पेज आळणी झाली, हे तुम्ही नीट सांगायचात.

हे कुठं पाठवायचं नाही, म्हणून एक लिहून टाकते. मी अंगानं आईवर गेले आहे. आता तिच्याहूनही जाड असेन. बसल्या बसल्या तळपायांना मुंग्या येतात, तहान भागत नाही. याचा अर्थ काय ते मला कुणी सांगायला नको. रक्त तपासायचं यंत्र माझ्याच टेबलाच्या खणात असतं. दोन वर्षं झाली, मी स्वतःचं बोट टोचलेलं नाही. वेळ मिळत नाही, असं मी सगळ्यांना सांगते. वेळ असतो, अण्णा. मला लाज वाटते.